दादासाहेब गायकवाड : योजनेच्या नावामागचा माणूस

जळगावहून भुसावळकडे निघाले की दहाएक किलोमीटरवर नशिराबाद लागते. महामार्गाने जाणाऱ्यांना हे गाव टोलनाक्यामुळे आणि सिमेंटच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. या पट्ट्यातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये तरुणांशी बोलताना एक गोष्ट आम्हाला वारंवार जाणवली. शेतमजुरी करणाऱ्या घरातल्या मुलांना सरकारची जमीन देणारी योजना माहीत असते. जातीचा दाखला, दारिद्र्यरेषेचा दाखला, भूमिहीन असल्याचा तहसीलदारांचा दाखला, सगळी यादी तोंडपाठ असते. योजनेचे पूर्ण नाव विचारले तर तेही सांगतात: कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. पण हे दादासाहेब कोण, असे विचारले की बोलणे थांबते. एकाने बराच विचार करून रयत शिक्षण संस्था काढणारे ते, असे उत्तर दिले.

त्याची चूक समजण्यासारखी आहे. तेही कर्मवीर आणि हेही कर्मवीर. तेही भाऊराव आणि हेही भाऊराव. फरक इतकाच की भाऊराव पाटलांचे नाव शाळेच्या पुस्तकात आले आणि भाऊराव कृष्णाजी गायकवाडांचे नाव अर्जाच्या मथळ्यावर राहिले. इतर जिल्ह्यांतल्या लोकांनी ते विसरले तर एकवेळ चालेल, पण खानदेशातल्या बौद्धांनी विसरणे बरे नव्हे. बाबासाहेबांच्या नंतर भूमिहीनांचा पहिला मोठा सत्याग्रह दादासाहेबांनी उभारला तो याच खानदेशात, १९५९ साली. तेव्हा जळगाव जिल्ह्याचे नाव पूर्व खानदेश होते आणि धुळे जिल्ह्याचे पश्चिम खानदेश.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. पदव्यांची भेंडोळी त्यांच्याजवळ कधी नव्हती. धोतर नेसणारा, खेड्यातल्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलणारा हा कार्यकर्ता होता. महारवाड्यात वाढलेल्या त्या काळच्या कुठल्याही मुलासारखे वतन म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आजच्या पिढीला ते सांगावे लागते. सरकारी कागद पोचवणे, साहेब गावात आला की त्याच्यापुढे धावणे, मयताचा सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे, ही सगळी कामे रात्रंदिवस करायची आणि बदल्यात एक जमिनीचा तुकडा व बलुत्याचे दाणे घ्यायचे. तुकडा सगळ्या भावकीचा. वाटण्या होत होत एकेका घराच्या वाट्याला चार ओळी पेरण्याइतकी जागा यायची, पण राबणूक मात्र पूर्ण घराची. जमीन होती म्हणावे तर पोट भरत नव्हते आणि नव्हती म्हणावे तर गुलामी सुटत नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करण्याचे विधेयक आणले ते याच पेचासाठी.

दादासाहेबांचे नाव पहिल्यांदा महाराष्ट्रभर झाले ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात. २ मार्च १९३० ला नाशिकला सुरू झालेला हा सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते तेव्हाही नाशिकचा मोर्चा हलला नाही, कारण सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून दादासाहेब तिथे ठाण मांडून होते. माणसे जमवायची, त्यांच्या भाकरीची सोय पाहायची, गावोगावी बहिष्कार पडला तर तिकडे धावायचे आणि हे सगळे करून बाबासाहेबांना पत्राने कळवायचे. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावीत. नेता आपल्या माणसाशी किती मोकळेपणाने बोलतो, प्रसंगी किती स्पष्टपणे झापतो, ते त्यात दिसते. मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी मंदिराचा सत्याग्रह आता पुरे, शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी असे त्यांना कळवले. ज्या लढ्यासाठी चार वर्षे घातली तो थांबवण्याचा निरोप आपल्याच माणसांना सांगायचा, हे सोपे नव्हते. दादासाहेबांनी तो सांगितला. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली, तीही नाशिक जिल्ह्यातच. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून ते मुंबईच्या विधानसभेत गेले.

काळारामाच्या दारातून माघारी आलेला हा माणूस पुढे पडीक रानाच्या बांधावर कसा पोचला, हा त्यांच्या आयुष्यातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. देवळात जायला मिळाले असते तरी संध्याकाळची भाकर पाटलाच्या खळ्यावरूनच यायची होती. ज्याच्या शेतात मजुरीला जायचे त्याच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार कशी द्यायची? बहिष्काराचे हत्यार चालते ते याच कारणाने. बाबासाहेबांनी १९४७ च्या आपल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती सामुदायिक पद्धतीने कसण्याची मांडणी केली, तिच्यामागेही हाच अनुभव होता. राज्यघटनेत ती मांडणी आली नाही. पुढे १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या सभेत त्यांनी खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपल्याला पुरेसे करता आले नाही, याची खंत बोलून दाखवली. त्याआधी १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केलाच होता.

त्या काळात सरकारही खेड्यांसाठी काही करत होते. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली. पंचायत समितीत आज जो गटविकास अधिकारी बसतो त्याची खुर्ची या योजनेतून आलेली आहे. सुधारित बियाणे, खत, विहिरीला कर्ज, रस्ता, समाजमंदिर अशी तिची कामे होती. कामे वाईट नव्हती. पण बियाणे पेरायला वावर लागते, कर्ज काढायला सातबारा लागतो आणि विहीर खणायलाही आपली जमीन लागते. ज्याच्याकडे काही होते त्याला त्यातून आणखी मिळाले. महारवाड्याच्या वाट्याला फार तर वस्तीकडे जाणारा मुरमाचा रस्ता आला. विनोबांचे भूदानही तेव्हा जोरात होते. ते दात्याच्या मनावर होते. बहुतेक वेळा दाता कुठला तुकडा काढून देतो ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. दादासाहेबांची मागणी यापेक्षा वेगळी होती. सरकारच्या ताब्यात हजारो एकर पडीक पडून आहे, ती भूमिहीनाला कसायला द्या. कुणाच्या दयेवर नको, नागरिकाचा हक्क म्हणून द्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला धर्मांतर झाले आणि पावणेदोन महिन्यांत बाबासाहेब गेले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पण त्याच वेळी खेड्यातल्या बौद्धांपुढे नवेच संकट उभे राहिले. धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली राज्याच्या सवलती परत मिळाल्या, केंद्राच्या मिळायला मात्र १९९० उजाडावे लागले. गावात तर धम्मदीक्षेनंतर अनेकांनी महारकीची कामे सोडली. ढोर ओढणार नाही म्हटल्यावर गावाने मजुरी बंद केली. स्वाभिमानाची किंमत अशी रोजच्या चुलीतून वसूल होत होती.

वतनही याच सुमारास सुटले. मुंबई राज्याचा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. राबणूक कायद्याने संपली ही मोठीच गोष्ट होती. जमिनीसाठी मात्र शेतसाऱ्याच्या पटीत कब्जेहक्काची रक्कम भरायची होती, तीही मुदतीत. ज्याच्या घरात संध्याकाळचे पीठ नाही तो सरकारच्या खजिन्यात रक्कम कुठून भरणार? ज्यांनी भरली त्यांनाही जमीन मिळाली ती नवीन शर्तीवर. आजही कित्येकांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ हा शेरा त्याच कारणाने आहे. विकायची परवानगी नाही म्हणून ती वाचली असे म्हणणारे आहेत. परवानगी नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही असे म्हणणारेही आहेत. दोन्ही खरे आहे.

अशा वेळी १९५९ चा सत्याग्रह झाला. खानदेश निवडण्यामागे कारणे होती. तापी, वाघूर, गिरणा, पांझरा यांच्या काठची काळी जमीन, कापूस, भुईमूग, केळी. म्हणजे पैसा देणारी शेती. आणि त्या शेतीत राबणारे मोठ्या संख्येने भूमिहीन: बौद्ध, भिल्ल, इतर मागास जाती. डोंगराच्या पायथ्याला आणि नदीच्या खळग्यांत सरकारी पडीक आणि वनखात्याची रानेही होती. सत्याग्रहाचा मार्ग सरळ होता. पडीक सरकारी जमिनीवर जायचे, नांगर धरायचा, पोलीस आले की अटक करवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. मोडतोड नाही, शिवीगाळ नाही. हजारो माणसे अशी तुरुंगात गेली. त्यात बाया होत्या, कडेवर पोरे घेऊन गेलेल्या. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाने तुरुंगात जाणे म्हणजे काय हे पगारदाराला चटकन कळत नाही. मागे राहिलेल्या घरात त्या दिवसापासून मजुरी बंद. आंदोलनाला सरकारने आश्वासने दिली. ती नीट पाळली गेली असती तर पाच वर्षांनी देशभर तुरुंग भरण्याची पाळी आली नसती.

याच काळात पक्ष फुटला. बी. सी. कांबळे आणि त्यांच्याबरोबरच्या शिकलेल्या मंडळींचे म्हणणे असे की जमीन, भाववाढ, मजुरी असे प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरणे म्हणजे कम्युनिस्टांच्या वाटेने जाणे होय. बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा आणि धम्माचा. लोकांनी या दोन गटांना दुरुस्त आणि नादुरुस्त अशी नावे पाडली. कुणी त्याला पॅंटवाले आणि धोतरवाले असेही म्हणत. हा वाद आज वाचताना आम्हाला वाईट वाटते, कारण तो अजून संपलेला नाही. आजही धम्माचे काम करणारे आणि हक्काचे काम करणारे एकमेकांकडे संशयाने पाहतात. दादासाहेबांना असा भेद करायचे कारणच दिसले नाही. दीक्षा घेतल्यामुळेच ज्याची मजुरी बंद झाली त्याच्यासाठी जमिनीचा लढा हे धम्माचेच काम होते. कांबळे विद्वान होते, विधिमंडळातले त्यांचे काम मोठे आहे, हेही इथे नोंदवले पाहिजे. पण खेड्यातला माणूस ज्याच्या मागे गेला ते दादासाहेब होते.

१९६४ साली लढा देशाचा झाला. दादासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन दिले गेले. त्यात दहा मागण्या होत्या. कसणाऱ्याला जमीन द्यावी, पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, धान्याचे भाव आणि वाटप ताब्यात ठेवावे, किमान वेतनाचा कायदा पाळावा, झोपडपट्टीवाल्यांची स्थिती सुधारावी, धर्मांतरित बौद्धांना सवलती द्याव्यात, नोकऱ्यांतल्या राखीव जागा भराव्यात, अस्पृश्यताविरोधी कायदा नीट चालवावा, दलितांचा छळ थांबवावा आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाण दिनी, सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. चळवळीच्या नोंदींनुसार तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली. पंजाबपासून दक्षिणेपर्यंत तुरुंग अपुरे पडले. नाशिकच्या शांताबाई दाणींसारख्या कार्यकर्त्या ज्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या त्या माणसाने संघटना किती खोलवर बांधली होती ते तेव्हा दिसले.

या मागण्यांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. तैलचित्र लागले एप्रिल १९९० मध्ये. बौद्धांच्या सवलतीही त्याच वर्षी. दोन्ही मिळायला पाव शतक लागले, पण मिळाल्या. जमिनीची मागणी मात्र तुकड्यातुकड्याने, कधी कागदावर, कधी अर्धवट अशी भेटत राहिली. महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ चा. त्याच्या फटी इतक्या रुंद होत्या की सत्तरच्या दशकात मर्यादा खाली आणावी लागली. तोवर ज्यांना वाटण्या दाखवायच्या होत्या त्यांनी दाखवून झाल्या होत्या, काहींनी तर लहान पोरांच्या नावावरही.

दादासाहेबांच्या शेवटच्या वर्षांबद्दलही बोलले पाहिजे. १९६७ मध्ये त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. ज्या सत्तेविरुद्ध लाखो लोकांना तुरुंगात नेले तिच्याशीच हातमिळवणी केल्यामुळे कार्यकर्ते नाराज झाले. समझोत्यातून जिल्हा परिषदांत काही जागा मिळाल्या, पण लढ्याची धार गेली आणि पक्षाची आणखी शकले झाली. त्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की तीन लाख लोक तुरुंगात जाऊनही मिळाले नाही ते सत्तेच्या जवळ जाऊन तरी मिळते का, हे त्यांनी पाहिले. आमच्या मते हा हिशोब चुकला. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिच्या तरुणांचा सगळा राग रिपब्लिकन नेत्यांच्या तडजोडींवर होता. तो राग रास्त होता, पण १९५९ ची आठवण त्या रागात थोडी पुसली गेली.

त्यांच्या नावाची योजना आली २००४ साली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. विधवा आणि परित्यक्ता बहिणींना प्राधान्य. सुरुवातीला निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज असे होते, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान झाले. कागदावर यापेक्षा चांगले काय हवे? पण योजना जमीन देते ती विकत घेऊन. कुणीतरी विकायला तयार पाहिजे आणि तीही सरकारने ठरवलेल्या मर्यादेत, जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांपर्यंत. जळगाव ते भुसावळ महामार्गाच्या दोन्ही अंगांना या भावात जमीन द्यायला कोण बसले आहे? जो देईल तो खडकाळ, पाण्यापासून दूरचा तुकडा देईल. शिवाय दारिद्र्यरेषेची यादी जुनी. ती झाली तेव्हा जे लेकरू होते ते आज दोन पोरांचा बाप आहे, वेगळे राहते, रोजाने जाते, पण यादीत त्याचे नाव नाही.

दादासाहेब जमीन विकत मागत नव्हते. जी सरकारची आहे ती मागत होते. त्यांचे नाव घेतलेल्या योजनेने त्यांची मागणी बाजूला ठेवली आणि भूमिहीनाला बाजारात नेऊन उभे केले. तिथे तो कमजोर आहे हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

मागास जिल्ह्यांच्या कार्यक्रमांचेही असेच आहे. २००६-०७ मध्ये केंद्राने मागास क्षेत्र अनुदान निधी काढला तेव्हा महाराष्ट्राच्या बारा जिल्ह्यांत धुळे आणि नंदुरबार होते. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबार आले. जळगाव दोन्हीत नाही, कारण जळगाव मागास नाही. केळी आहे, कापूस आहे, ठिबकचे कारखाने आहेत, सोन्याचा बाजार आहे. जिल्ह्याची सरासरी काढली की चांगली येते. पण नशिराबादच्या रानात केळीचे घड डोक्यावरून वाहणाऱ्या बाईला त्या सरासरीत शोधून दाखवा. जिल्हा मागास ठरला तर निधी रस्त्यावर आणि इमारतीवर जातो, नाही ठरला तर तोही नाही. दोन्हीकडे भूमिहीन होता तिथेच. १९५२ च्या योजनेत दादासाहेबांनी जी खोट पाहिली ती आजही तशीच आहे. योजना क्षेत्राला मोजते, माणसाला मोजत नाही.

आम्ही हे लिहितो ते योजनेला नावे ठेवण्यासाठी नाही. ज्याला अर्ज करायचा त्याने जरूर करावा, आणि जिथे विक्रेता सापडतो तिथे जमीन पदरात पाडून घ्यावी. पण त्याबरोबर आणखी एक काम आपल्या गटांनी हातात घ्यावे असे आम्हाला वाटते. प्रत्येक गावाचे एक दप्तर असते. त्यात गाव नमुना १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनीची नोंद असते, १-ई मध्ये अतिक्रमणांची. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची ठरली होती. त्यातली किती झाली, कुणाची राहिली, आणि २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटिसा कुणाच्या हातात पडल्या, हे या दोन नमुन्यांवरून कळते. धनदांडग्याचे गोठे, वीटभट्ट्या आणि गरिबाचे दोन एकर एकाच रकान्यात लिहिलेले असतात, तेही त्यात दिसते. नक्कल मागायला फी लागते, पण ती फार नाही. तलाठी देत नसेल (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे.

१५ ऑक्टोबरला दादासाहेबांची जयंती असते, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी. नागपूरहून परतलेली मंडळी त्या दिवशी थकलेली असतात, त्यामुळे ही जयंती बहुतेक विहारांत राहूनच जाते. यंदा नशिराबाद आणि आसपासच्या गावांतल्या काही तरुणांनी त्या दिवशी आपापल्या गावचा १-ब आणि १-ई विहारात आणून सगळ्यांसमोर वाचायचे ठरवले आहे. नक्कलेचे अर्ज त्यांनी आत्ताच टाकले आहेत.